काडीमोडीपासून हुकूमनाम्यापर्यंत : खानदेशातील फारकतीचा इतिहास व स्त्रीचा हिस्सा

ज्ञातीच्या स्मरणिकेत विवाहाचे विषय विपुल येतात. वधूवर-सूचीस जागा असते, सामुदायिक विवाहांचे वृत्तान्त असतात, हुंड्याच्या निषेधार्थ लेख असतात. मोडलेल्या विवाहासंबंधी मात्र कोणी लिहीत नाही; मंगलप्रसंगी अशुभ कशाला बोला, असा संकोच त्यामागे असतो. परंतु जी गोष्ट घरोघर कुजबुजीने बोलली जाते ती कधीतरी उघडपणे व शांतपणे बोलली गेली पाहिजे. खानदेशात, म्हणजे आजच्या जळगाव, धुळे व नंदुरबार या तीन जिल्ह्यांच्या मुलखात, पतिपत्नी विभक्त कसे होत आले आणि विभक्त होताना स्त्रीच्या पदरात काय पडत आले, याचा संक्षिप्त इतिहास सांगण्याचे आम्ही येथे योजिले आहे. विषय जुना दिसला तरी त्याचे प्रयोजन आजचे आहे. आजही आपल्या गावांतून मुद्रांकाच्या कागदावर फारकत लिहिली जाते, पाच पंचांच्या सह्या होतात, आणि दोन्ही घरे असे समजून चालतात की प्रकरण मिटले. ते खरोखर मिटते काय, हा या लेखाचा प्रश्न आहे.

आरंभ शब्दांपासून करू. आपल्या भाषेत या गोष्टीला दोन जुने शब्द आहेत : काडीमोड आणि फारकत. पंचांसमक्ष गवताची काडी मोडली की संबंध तुटला, असा काडीमोडीचा साधा संकेत. काडी जोडता येत नाही, तसे हे नाते आता जोडावयाचे नाही. फारकत हा शब्द मात्र विवाहाच्या मांडवातला मुळीच नाही. तो हिशेबाच्या वहीतला आहे. अरबी-फारसी मुळापासून आलेल्या ‘फारखती’ या शब्दाचा अर्थ मोकळे केल्याचा लेख. ऋणको कर्ज फेडी तेव्हा सावकार त्यास फारखती लिहून देई. भागीदारी मोडली म्हणजे भागीदार एकमेकांस फारखती देत. मोल्सवर्थच्या कोशात या शब्दाखाली देण्याघेण्यातून मुक्त केल्याचा लेख आणि विवाहविच्छेदाचा लेख असे दोन्ही अर्थ दिलेले आहेत. आपल्या पूर्वजांनी विवाहविच्छेदासाठी व्यापारातला शब्द उचलला, यात मोठा अर्थ भरला आहे. फारकत म्हणजे केवळ वियोग नव्हे. फारकत म्हणजे हिशेब पुरा करून मोकळे होणे. मग साहजिकच विचारावे लागते की हा हिशेब कोणी मांडला, आणि त्यात कोणाची बाजू लिहिली गेली?

घटस्फोट ही पाश्चात्त्यांकडून आलेली गोष्ट आहे, असे आपल्यातील पुष्कळ सुशिक्षित म्हणतात. इतिहास तसे सांगत नाही. धर्मशास्त्राने ब्राह्मादी विवाह अभेद्य मानले हे खरे. परंतु कौटिल्याच्या अर्थशास्त्रात परस्परांच्या द्वेषामुळे, काही प्रकारच्या विवाहांपुरता, मोक्ष सांगितला आहे. शास्त्रापेक्षाही येथे रूढी महत्त्वाची. खानदेशातील व एकंदर दख्खनमधील शेतकरी व कारागीर ज्ञातींपैकी बहुतेकांत स्त्रीचा दुसरा विवाह रूढ होता. त्यास कोठे पाट म्हणत, कोठे मोहतूर, कोठे गंधर्व. एल्फिन्स्टनसाहेबांच्या राजवटीत आर्थर स्टील या अधिकाऱ्याने दख्खनमधील ज्ञातींचे रीतिरिवाज पंचांना व शास्त्र्यांना विचारून संकलित केले. तो ग्रंथ १८२७ च्या सुमारास निघाला. पुढे १८८० साली मुंबई गॅझेटियरचा खानदेशविषयक बारावा खंड प्रसिद्ध झाला. पाटाची चाल किती सर्वसाधारण होती हे अशा ग्रंथांवरून स्पष्ट दिसते. उच्चवर्णीयांचे अनुकरण करण्याच्या हौसेने पुढे अनेक ज्ञातींनी ही चाल आपणहून टाकली आणि टाकण्यात प्रतिष्ठा मानली. तेव्हा जी गोष्ट आपल्या पणजोबांस परकी नव्हती ती आपणांस परकी वाटते, हा कालाचा महिमा होय.

जुन्या पंचायतीच्या पद्धतीत गुण होते, हे न्यायबुद्धीने मान्य केले पाहिजे. पंच दोन्ही घरांना ओळखत. प्रथम समेटाचा यत्न होई. मुलीस काही दिवस माहेरी ठेवून पुन्हा नांदावयास पाठवीत. निकालास विलंब नसे व खर्च थोडा असे. कोर्टाच्या पायऱ्या झिजविण्यात आयुष्य घालविण्यापेक्षा चावडीवरचा निवाडा अनेकांस सुखकर वाटे, यात नवल नाही.

परंतु हिशेबाकडे पाहू गेल्यास चित्र पालटते. अनेक ज्ञातींत अशी रीत होती की स्त्री दुसरे घर करणार असेल तर पहिल्या पतीचा लग्नखर्च दुसऱ्याने भरून द्यावा. सासरचे दागिने सासरी परत जात. मुले बापाची मानली जात. म्हणजे पतीच्या बाजूची रक्कम पै-पैशासह मांडली जाई. स्त्रीने दहा-पंधरा वर्षे कपाशी वेचली, निंदणी-खुरपणी केली, दळण-कांडण केले, गुरांचे शेण काढले, याची नोंद कोणत्याच खात्यावर नसे. मिताक्षरा व मयूख या दोन्ही ग्रंथांनी स्त्रीधनाचा विचार विस्ताराने केला आहे, आणि खानदेशात मिताक्षरेच्या जोडीने मयूखासही मान होता. परंतु ग्रंथातला नियम चावडीपर्यंत पोहोचतोच असे नाही. स्त्रीस फारकत मिळे, म्हणजे मोकळीक मिळे. हिशेब मिळत नसे.

१८१८ साली पेशवाई संपून खानदेश इंग्रजांकडे गेला व धुळे हे जिल्ह्याचे ठाणे झाले. १९०६ साली जिल्ह्याचे दोन भाग होऊन पूर्व खानदेशचे ठाणे जळगाव व पश्चिम खानदेशचे धुळे असे झाले. मुंबई सरकारच्या १८२७ च्या कायद्यांनी एकीकडे देशाचा रिवाज मान्य केला व दुसरीकडे ज्ञातीच्या अंतर्गत प्रश्नांत न्यायालयांनी पडू नये असे ठरविले. यामुळे काही काळ पंचायती निर्वेध चालल्या. परंतु विवाहाचा प्रश्न केवळ ज्ञातीचा राहू शकत नव्हता. पतीने सोडलेले नसताना पंचांनी परवानगी दिली म्हणून दुसरा विवाह करणाऱ्या स्त्रीचे काय, हा वाद वर गेला, आणि मुंबईच्या हायकोर्टाने १८७६ साली स्पष्ट सांगितले की विवाह रद्द ठरविण्याचा अथवा पती हयात असता स्त्रीस पुनर्विवाहाची मुभा देण्याचा ज्ञातीचा अधिकार न्यायालय मानणार नाही. अशा स्त्रीवर दंडसंहितेखाली द्विविवाहाचा खटला होऊ शके.

या निर्णयाचा परिणाम ध्यानात घेण्यासारखा आहे. पतीने स्वतः फारकत लिहून दिली व तशी रूढी असली तर ती चाले. पंचांनी पतीच्या मर्जीविरुद्ध स्त्रीस सोडविले तर ते चालेना. कुलपाची किल्ली अशा रीतीने एकट्या पतीच्या हाती गेली. त्यातच १८५६ च्या पुनर्विवाहाच्या कायद्याने विधवेस विवाहाची मोकळीक दिली, पण पुनर्विवाह करताच पूर्वपतीच्या मालमत्तेवरील तिचा हक्क काढून घेतला. मोकळीक आणि मालमत्ता या दोन गोष्टी एकाच वेळी स्त्रीच्या हाती येऊ द्यावयाच्या नाहीत, असाच जणू त्या काळाचा दंडक होता.

मुंबईतील रखमाबाईंचा प्रसिद्ध खटला याच काळातला. बालपणी लग्न झालेल्या रखमाबाईंनी पतीकडे नांदावयास जाण्यास नकार दिला. १८८४ साली दावा दाखल झाला आणि १८८८ साली तडजोडीने प्रकरण संपले. त्या तडजोडीत पतीस दोन हजार रुपये मिळाले. पुढे डॉक्टर होऊन लौकिक मिळविलेल्या या विदुषीसही स्वतःची मोकळीक पैसे मोजून घ्यावी लागली. चावडीवर जो हिशेब होता तोच हायकोर्टाच्या दारातही होता.

हा दंडक मोडण्यास आपल्या शेजारच्याच एका संस्थानाने प्रारंभ केला. मालेगाव तालुक्यातील कवळाणे गावी जन्मलेल्या सयाजीराव महाराजांच्या बडोदे संस्थानात १९३१ साली हिंदूंसाठी घटस्फोटाचा कायदा झाला. ब्रिटिश मुलखात १९३७ साली विधवेस पतीच्या मालमत्तेत मर्यादित वाटा मिळाला. १९४६ साली दोन कायदे झाले : एकाने विवाहित हिंदू स्त्रीस विशिष्ट कारणांवरून विभक्त राहून पोटगी मागण्याचा हक्क दिला, दुसऱ्याने, जो मुंबई इलाख्यापुरता होता, पुरुषाचा द्विविवाह गुन्हा ठरविला. आणि १९४७ साली मुंबईचा हिंदू घटस्फोट कायदा झाला. अखिल भारतास हा हक्क १९५५ साली मिळाला. खानदेश मुंबई इलाख्यात असल्यामुळे जळगाव-धुळ्याच्या स्त्रीपुरुषांस तो आठ वर्षे अगोदर प्राप्त झाला. द्विविवाहाच्या कायद्यास घटनेच्या आधारे आव्हान देण्यात आले, तेव्हा १९५१ साली मुंबई हायकोर्टाचे मुख्य न्यायमूर्ती छागला व न्यायमूर्ती गजेंद्रगडकर यांनी तो वैध ठरविला. त्याच वर्षी, हिंदू कोड बिल रेंगाळल्यामुळे, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. १९३७ साली बॅरिस्टर म्हणून एका खटल्यासाठी धुळ्यास येऊन गेलेल्या या विधिपंडिताने स्त्रीच्या वारशाचा व घटस्फोटाचा प्रश्न केवढ्या मोलाचा मानला होता, हे त्यावरून दिसते.

मुंबईच्या १९४७ च्या कायद्याखालील एक खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि त्याच्या मध्यभागी आपले जळगाव आहे. कायद्याच्या विद्यार्थ्यांस तो आजही शिकविला जातो. पक्षकारांची नावे सांगण्याचे आम्हांस प्रयोजन वाटत नाही. प्रकरण असे होते. मुंबईतील एका सुखवस्तू गुजराती घराण्यातील गृहस्थ १९४७ च्या आरंभी व्यापारानिमित्त इंग्लंडास गेले. मे महिन्यात परत आल्यावर, त्यांच्या अनुपस्थितीत पत्नीने दुसऱ्या एका तरुणास लिहिलेल्या पत्रावरून उभयतांत कलह झाला. २४ मे १९४७ रोजी पत्नी मुंबईहून निघून जळगावास पित्याच्या घरी आली. पुढे पतीने, पत्नीने आपला चार वर्षे सतत परित्याग केला, या कारणावरून १९५१ साली घटस्फोटाचा दावा लावला. पहिल्या न्यायाधीशांनी दावा मान्य केला, अपिलात तो फेटाळला गेला, आणि १९५६ साली सर्वोच्च न्यायालयाने न्यायमूर्ती सिन्हा यांच्या निर्णयाने पतीचे अपील नामंजूर केले.

का नामंजूर केले, हे समजून घेण्यासारखे आहे. न्यायालयाने सांगितले की केवळ घर सोडणे म्हणजे परित्याग नव्हे. घर सोडणे आणि संबंध कायमचा तोडण्याचा निश्चय, या दोन्ही गोष्टी असल्या पाहिजेत, आणि कायद्याने ठरविलेल्या सगळ्या मुदतीत त्या सतत असल्या पाहिजेत. हे सिद्ध करण्याचा भार दावा लावणाऱ्यावर. या प्रकरणात पत्नीच्या माहेरच्या मंडळींनी तिला परत नांदविण्यासाठी अनेक यत्न केले होते. आणि पतीने जळगावास तार करून तिला पाठवू नये असे कळविले होते. ती तारच त्याच्या विरुद्ध गेली. जो स्वतः दार लावून घेतो त्याने समोरची व्यक्ती आली नाही अशी तक्रार करता येत नाही, हे त्या निर्णयाचे सार होय.

माहेरी आलेल्या मुलीच्या प्रत्येक पित्याने हा जळगावचा दाखला ध्यानी ठेवावा. मुलगी माहेरी आली म्हणून तिचे हक्क बुडत नाहीत. ती का आली, परत जाण्यास तयार होती काय, आणि कोणी कोणास काय कळविले, यावर सर्व अवलंबून असते. त्या काळी ते पत्रांवरून व तारेवरून ठरले. आज ते मोबाइलमधील संदेशांवरून ठरते. पंचांची स्मृती काळाबरोबर विरते, लिहिलेले टिकते.

१९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने घटस्फोटाचा हक्क देशभर दिला. परंतु जुनी रूढी नष्ट केली नाही. त्याच्या एकोणतिसाव्या कलमाने रूढीने मिळणारा विवाहविच्छेद जतन केला आहे. आमची पंचायतीची फारकत कायदेशीर आहे, असे जे आपले वडीलधारे म्हणतात, त्यांच्या म्हणण्यास हा आधार आहे. पण आधार तेवढाच आहे. रूढी होती, ती प्राचीन व अखंड होती, आणि ती आपल्याच ज्ञातीत होती, हे सर्व पुराव्याने सिद्ध करावे लागते. सर्वोच्च न्यायालयाने २००२ सालीही हेच सांगितले. ज्या ज्ञातींनी शंभर वर्षांपूर्वी प्रतिष्ठेपायी पाट व काडीमोड टाकून दिली, त्यांना आज ती रूढी अखंड होती असे सिद्ध करणे किती दुर्घट आहे, याचा विचार वाचकांनीच करावा. मग त्या कागदाच्या भरवशावर दुसरे लग्न लावणाऱ्यांवर द्विविवाहाचा आरोप येऊ शकतो आणि दुसऱ्या घरच्या निष्पाप मुलीचे जीवन अधांतरी होते. सातपुड्यातील भिल्ल, पावरा आदी अनुसूचित जमातींची गोष्ट वेगळी. त्यांना हा कायदा सामान्यतः लागू नसून त्यांचे व्यवहार त्यांच्या रूढीने चालतात.

पंचायती आजही आहेत. यावल तालुक्यातील पाडळसे येथील भोरगाव लेवा पंचायत आपल्या परिसरास सुपरिचित आहे. तिच्या प्रमुखास कुटुंबनायक ही सुंदर संज्ञा आहे आणि कौटुंबिक कलह ऐकून समेट घडवून आणणे हे तिचे जुने कार्य होय. समेटाचे कार्य कोणत्याही कायद्याने वर्ज्य केलेले नाही. वर्ज्य आहे ती जबरदस्ती. महाराष्ट्राच्या २०१६ च्या सामाजिक बहिष्कारविरोधी कायद्याने, पंचांचा निर्णय मानला नाही म्हणून एखाद्या घरास वाळीत टाकणे हा गुन्हा ठरविला आहे.

आम्ही खेड्यापाड्यांच्या शाळांत शिक्षक असताना, गावातला लिहिणारा-वाचणारा म्हणून असे फारकतीचे कागद वाचून दाखविण्याची पाळी आमच्यावर कित्येकदा आली. त्या कागदांची ठेवण बहुधा एकच असे. सासरकडचे दागिने परत मिळाले, याची तपशीलवार यादी असे. माहेरकडचे दागिने व भांडी परत दिली, याची यादी क्वचितच असे. शेवटी एक ठरलेले वाक्य असे की यापुढे उभयतांचा एकमेकांवर कोणताही हक्क राहिला नाही. आणि सही करणारी मुलगी आपला कोणता हक्क जात आहे हे जाणत नसे, कारण तो कोणीच तिला सांगितलेला नसे. म्हणून आजच्या कायद्याप्रमाणे तिच्या हिशेबाची खाती कोणती, हे येथे क्रमाने सांगतो.

पहिले खाते तिच्या स्वतःचे. लग्नापूर्वी, लग्नात वा लग्नानंतर तिला मिळालेल्या भेटी व दागिने, माहेरचे असोत की सासरचे, तिला म्हणून दिलेले असतील तर ते स्त्रीधन होय. १९८५ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की स्त्रीधन सासरी ठेवावयास दिले तरी त्याची मालकी तिचीच राहते, आणि मागूनही परत न देणे हा विश्वासघाताचा फौजदारी गुन्हा होऊ शकतो. १९५६ च्या वारसा कायद्याच्या चौदाव्या कलमाने स्त्रीच्या मालमत्तेवरील जुनी मर्यादा काढून तिला पूर्ण मालक केले. आपल्याकडे सोन्यावर श्रद्धा फार, आणि जळगावची सराफी तर दूरवर नावाजलेली. परंतु पाटल्या-डोरल्यांची पावती किती घरांत जपून ठेवतात? लग्नाच्या खर्चाची वही ठेवावी, तशी पावत्यांची पुरचुंडीही मुलीच्या नावाने ठेवावी.

दुसरे खाते दोघांचे. लग्नाच्या वेळी उभयतांस मिळून दिलेल्या वस्तूंची वाटणी विवाह कायद्याच्या सत्ताविसाव्या कलमाखाली न्यायालय करून देऊ शकते. दोघांच्या नावे घेतलेल्या घरात वा भूखंडात तिचा भाग असतोच.

तिसरे खाते पोटगीचे. दावा चालू असताना चोविसाव्या कलमाखाली तात्पुरती, आणि निकालाच्या वेळी वा त्यानंतरही पंचविसाव्या कलमाखाली कायमची पोटगी मागता येते. दोघांची मिळकत, मालमत्ता व वर्तन पाहून न्यायालय ती ठरविते, आणि तिचा बोजा पतीच्या स्थावरावर ठेवू शकते. या कलमांखाली गरजू पतीसही पोटगी मागता येते, हेही नमूद केले पाहिजे. नागपूरच्या कौटुंबिक न्यायालयातून निघालेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ४ नोव्हेंबर २०२० रोजी असा नियम घालून दिला की पोटगीच्या दाव्यात दोन्ही बाजूंनी आपली मिळकत व देणी प्रतिज्ञापत्रावर उघड करावीत, आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यावी. चावडीवर जो हिशेब एका बाजूचाच मांडला जाई, तो आता दोन्ही बाजूंनी शपथेवर मांडावा लागतो. इतिहासाच्या दृष्टीने याचे महत्त्व आम्हांस फार वाटते.

चौथे खाते माहेरचे. महाराष्ट्रात १९९४ साली व देशभर ९ सप्टेंबर २००५ पासून मुलगी एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेत मुलाप्रमाणेच जन्मतः भागीदार झाली. सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली त्याचे स्पष्टीकरण केले. परत आलेल्या मुलीस भाऊ आसरा देतो तो उपकार नव्हे. त्या घरात तिचाही वाटा आहे.

पाचवे खाते मुलांचे. आईबाप विभक्त झाले तरी मुले बापाची वारस राहतात, आणि वडिलोपार्जित शेतीतील त्यांचा जन्मसिद्ध भाग फारकतीच्या कागदाने नष्ट होत नाही. मुलांच्या पोटगीवर आईने सही करून पाणी सोडले, तरी तो हक्क मुलांचा आहे, तिचा नव्हे.

आता जे मिळत नाही तेही सांगितले पाहिजे. नाहीतर अपेक्षाभंग होतो. घटस्फोट होताच पतीच्या सातबाऱ्यावर पत्नीचा अर्धा हिस्सा लागतो, असा समज पसरला आहे. तो खरा नाही. लग्नानंतरची कमाई दोघांची समान मानण्याचा कायदा आपल्या देशात सर्वसाधारणपणे नाही. घटस्फोटानंतर स्त्री पतीची वारसही राहत नाही. रावेर-यावलकडील केळीची बाग तिच्या हातांनी वाढली असली, तरी सातबारा पतीच्या वा सासऱ्याच्या नावे असेल तर त्या बागेची मालकी तिला मिळत नाही. त्या उत्पन्नाकडे पाहून पोटगी ठरते, एवढेच. तिच्या श्रमाचे खाते आजही पुरतेपणी उघडलेले नाही. म्हणूनच जमीन वा घर घेतानाच दोघांची नावे लावणे, हा सर्वांत स्वस्त व निर्वेध उपाय होय.

राहिला प्रश्न वकिलाचा. ओळखीचा वकील आणि त्या कामाचा वकील या दोन भिन्न गोष्टी आहेत. जमिनीच्या दाव्यात वा फौजदारीत नाणावलेला मनुष्य कौटुंबिक कामात तितकाच तरबेज असेल असे नाही. वकिलांस जाहिरात करण्यास मनाई असल्यामुळे पाटी वाचून निवड होत नाही. ज्यांची अशी प्रकरणे पार पडली आहेत अशा दोन-तीन घरी विचारावे आणि कोर्टात जाऊन काम चालताना पाहावे. पहिल्याच भेटीत विचारावे की समेटास वाव आहे काय, परस्परसंमतीचा मार्ग मोकळा आहे काय, आणि फी किती व कोणत्या टप्प्याने. जो पहिल्याच दिवशी सर्व काही जिंकून देण्याची हमी देतो, त्याच्यापासून सावध असावे. मिळणाऱ्या रकमेत वाटा ठरविणे वकिली व्यवसायाच्या नियमांना सोडून आहे. पैशांची पावती घ्यावी, मूळ कागद न देता प्रती द्याव्यात, आणि कोऱ्या कागदावर सही कधीही करू नये.

ज्या भगिनीपाशी फीचे पैसे नाहीत तिने निराश होण्याचे कारण नाही. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने प्रत्येक स्त्रीस, तिचे उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळण्याचा हक्क दिला आहे. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे साधा अर्ज करावा लागतो. तसेच २००३ च्या दुरुस्तीपासून पत्नी स्वतः जेथे राहते तेथील न्यायालयात दावा दाखल करू शकते. सुरत, नाशिक वा पुण्यास दिलेल्या आपल्या मुलींस याचा केवढा उपयोग आहे, हे सांगणे नलगे. दोघांचीही संमती असेल तर १९७६ साली घातलेल्या कलमाप्रमाणे, एक वर्ष विभक्त राहिल्यावर, संयुक्त अर्जाने घटस्फोट मिळतो. अर्जानंतरची सहा महिन्यांची मुदत योग्य प्रकरणी न्यायालय माफ करू शकते, असे २०१७ साली ठरले आहे. म्हणजे ज्यांची फारकत पंचांसमक्ष सलोख्याने ठरली आहे, त्यांना तीच तडजोड न्यायालयात नेऊन तिचा हुकूमनामा करून घेण्यास आता फारशी अडचण नाही.

येथे आमच्या म्हणण्याचा मथितार्थ येतो. पंचायत टाकून द्यावी असे आम्ही म्हणत नाही. तिने समेट करावा, आणि समेट अशक्य झाला तर दोन्ही बाजूंच्या याद्या लिहवून घ्याव्यात : सासरकडून आलेले काय, माहेरकडून आलेले काय, मुलांची तरतूद काय, पोटगी किती. नंतर उभयतांस न्यायालयाचा रस्ता दाखवावा. यापुढे कोणताही हक्क राहिला नाही, हे वाक्य मात्र कागदावर कोणी घालू नये. पोटगीचा कायद्याने दिलेला हक्क अशा वाक्याने बुडत नाही, असे न्यायालयांनी अनेकदा म्हटले आहे, पण ज्या मुलीस ते ठाऊक नसते तिच्यापुरता तो त्याच दिवशी बुडतो. आपल्या मंडळाने मेळाव्याच्या दिवशी जसा वधूवर-परिचयाचा मंडप घालावा, तसे एका कोपऱ्यात विधी सेवा प्राधिकरणाच्या वकिलांसाठी एक टेबल मांडावे, अशी आमची नम्र सूचना आहे. त्यात अशुभ काही नाही. औषधालयाशेजारून वरात गेली म्हणून वरातीस रोग होत नाही.

सावकाराच्या वहीतली फारखती तेव्हाच खरी, जेव्हा दोन्ही बाजूंची रक्कम मांडलेली असते आणि बाकी शून्य येते. आपल्या पूर्वजांनी शब्द अचूक निवडला होता. तो शब्द खरा करणे आपल्या हाती आहे.